प्रवाशाचा मुक्काम : खानदेशातील नगरे आणि उतरण्याच्या जागेची निवड

वाहनातून पायउतार होणे आणि परगावी तात्पुरते राहणे या दोन्ही क्रियांना मराठीत 'उतरणे' हे एकच क्रियापद आहे. आगगाडीतील प्रवाशाला 'उतारू' हे नाव त्यावरूनच मिळाले. 'कोठे उतरलात?' असा प्रश्न परगावच्या माणसास विचारला जातो, तेव्हा त्यात केवळ ठिकाणाची चौकशी नसते. कोणाकडे, कोणाच्या ओळखीने आणि कोणत्या नात्याने, हेही विचारणाऱ्यास जाणून घ्यावयाचे असते. उतरण्याच्या जागेचा प्रश्न हा सोयीचा आहे तितकाच समाजव्यवस्थेचाही आहे, ही गोष्ट या एका प्रश्नातून सूचित होते.

युरोपातील एखादे जुने नगर पाहावयास निघालेल्या प्रवाशापुढे आज जो पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : तटबंदीच्या आतील जुन्या गाभ्यात उतरावे, की बाहेर स्थानकाजवळ? गाभ्यात उतरल्यास प्रार्थनामंदिर, चौक व बाजार पायी फिरता येतात. परंतु खोली लहान, जिने अरुंद आणि भाडे अधिक. बाहेर उतरल्यास भाडे कमी व जागा प्रशस्त. परंतु रोजचा येण्याजाण्याचा वेळ खर्ची पडतो. हाच प्रवासी धुळे किंवा जळगाव येथे आला, तर हा प्रश्न त्याच्यापुढे या स्वरूपात उभाच राहत नाही. येथील बहुतेक लॉज व हॉटेले स्थानक, बसस्थानक आणि महामार्ग यांच्या आश्रयाने उभी आहेत. जुन्या पेठांच्या अंतर्भागात परक्या माणसाने उतरावे अशी जागा क्वचितच आढळते. हा भेद कसा उत्पन्न झाला याचा उलगडा करणे आणि त्याच्या प्रकाशात आजच्या प्रवाशाने मुक्कामाची जागा कशी निवडावी याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. मजल आणि सराई

खानदेश हा मुख्यतः वाटेवरचा प्रदेश होय. सातपुडा आणि अजिंठ्याची डोंगररांग यांच्यामध्ये तापीचे सपाट खोरे पूर्वपश्चिम पसरलेले असल्यामुळे, सुरत बंदरात उतरलेला माल उत्तरेकडे नेण्यास ही वाट सोयीची होती. सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास जाणारा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे अशा गावांवरून जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने या रस्त्यावरील मुक्कामांची यादी आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. मुक्कामाची गावे त्यांच्या वैभवावरून ठरत नसत. लादलेला बैल किंवा गाडी एका दिवसात जितके अंतर चालू शकेल तितक्या अंतरावर ती असत. 'मजल दरमजल' या शब्दप्रयोगात जी मजल आहे, ती हीच.

दोन मुक्कामांमधील मजल लांब झाली तर काय होई, याचेही उदाहरण ताव्हेर्नियेच्या वर्णनात सापडते. नवापूरच्या पश्चिमेस असलेल्या एका टप्प्यात अंतर फार होते आणि मोगल सत्तेस न जुमानणाऱ्या संस्थानिकांची हद्दही जवळ होती. यामुळे तांड्यांना तेथे वारंवार उपद्रव होत असे. म्हणून शाहजहानच्या कन्येने, म्हणजे बेगम साहेब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जहाँआराने, तेथे मोठी सराई बांधविली आणि ती जागा बेगमेच्या नावाने ओळखली जाऊ लागली. येथे प्रवाशाने सराई निवडली असे म्हणण्यापेक्षा, रस्त्याच्या गरजेने सराईची जागा निवडली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. भिंतीच्या आत विहीर, जनावरांना बांधावयास जागा आणि रात्री बंद होणारा दरवाजा एवढ्या तीन गोष्टी असल्या की सराईचे काम झाले. अंथरूण, भांडी व शिधा प्रवाशाने बरोबर न्यावयाचा असे.

२. बऱ्हाणपूर येथील अनुभव

खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. तथापि जळगाव व धुळे या जिल्ह्यांचा इतिहास त्या नगरावाचून समजत नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून अजमेरास जहांगीर बादशहाच्या भेटीस जात असता नोव्हेंबर १६१५ मध्ये बऱ्हाणपुरास पोचला. कोतवालाने निशाणांसह त्याचे स्वागत केले आणि त्यास सराईच्या दारापर्यंत आणून सोडले. दर्शनी भाग दगडी व देखणा होता. आत मात्र त्याच्या वाट्यास भिंतीच्या कडेने बांधलेल्या, वरून घुमटाकार अशा चार विटांच्या खोल्या आल्या. त्या त्यास भट्ट्यांप्रमाणे भासल्या. त्याने तक्रार केली तेव्हा गावात याहून बरी जागा नाही असे उत्तर मिळाले. आणि शाहजादा परवीज व काही सरदार यांची घरे सोडल्यास बाकीचे नगर मातीच्या घरांचे आहे, हे त्यास पुढे स्वतःच दिसून आले. अखेरीस त्याने बरोबर आणलेल्या तंबूंचा आश्रय केला.

रोच्या या अनुभवाचे दोन अर्थ निघतात. एक असा की, बाहेरची शोभा पाहून आतल्या खोलीविषयी अनुमान करू नये, हा धडा आजच्या प्रवाशाइतकाच चारशे वर्षांपूर्वीच्या वकिलासही लागू होता. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. सराई ही उत्तम निवासस्थान म्हणून बांधलेलीच नव्हती. परका मनुष्य, त्याचा माल आणि त्याची जनावरे एका भिंतीच्या आत, एका दरवाजाच्या पहाऱ्याखाली राहावीत, हा तिचा उद्देश होता. त्यात प्रवाशाचे रक्षण होते, तशी त्याच्यावर नजरही होती. पुढे १६१८ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारीच्या काळात, बऱ्हाणपुरात जी मोठी सराई उभारली गेली आणि जी आज अकबरी सराई या नावाने ओळखली जाते, ती ऐन वस्तीत होती. तरीही तिची रचना चारी बाजूंनी बंदिस्तच आहे. ती नगराच्या आत होती, परंतु भिंतीने नगरापासून वेगळी होती.

हा प्रकार केवळ हिंदुस्थानातील होता असे नव्हे. व्हेनिस नगरात रिआल्तो पुलाशेजारी जर्मन व्यापाऱ्यांसाठी तेराव्या शतकापासून एक प्रचंड वखारवजा वाडा होता. त्या व्यापाऱ्यांनी तेथेच उतरले पाहिजे, तेथेच माल ठेवला पाहिजे, असा नगरशासनाचा निर्बंध होता. परक्या माणसास गाभ्यात जागा दिली जाई ती त्याच्या सोयीसाठी जितकी, तितकीच जकातीच्या व देखरेखीच्या सोयीसाठी. परंतु तेथील सामान्य खाणावळी व पथिकगृहे वेशीजवळ, बाजारपेठेत व देवस्थानांच्या वाटेवर वाढत गेली. आगगाडी आली तेव्हा स्थानके जुन्या वस्तीच्या कडेस बांधावी लागली. मूळची पथिकगृहे मात्र अनेक ठिकाणी गाभ्यातच टिकून राहिली आणि त्यांचीच पुढे हॉटेले झाली. खानदेशात ही मधली पायरी का घडली नाही, हे पाहण्यासाठी येथील पेठेची रचना लक्षात घेतली पाहिजे.

३. पेठेतील पाहुणा

जुन्या खानदेशी पेठेत परगावचा मनुष्य येत नसे असे मुळीच नाही. कापूस, धान्य, तेलबिया व कापड यांच्या व्यापारासाठी तो नित्य येई. परंतु तो उतरे आडत्याच्या पेढीवर, जातभाईच्या ओसरीवर, सोयऱ्याच्या वाड्यात, किंवा आपल्या समाजाने बांधलेल्या धर्मशाळेत. माल ज्याच्याकडे, मुक्कामही त्याच्याकडे, हा बाजाराचा संकेत होता. पेढीच्या मागच्या खोलीत गादी मिळे, जेवण घरातून येई, आणि त्याचे मोल रोख रकमेत दिले जात नसे. ते पुढच्या व्यवहारात व परतीच्या आतिथ्यात फिटत असे. देवदर्शनास आलेल्यांची सोय धर्मशाळेत होई आणि ब्राह्मण, वारकरी, गोसावी यांची व्यवस्था मठ व मंदिरे यांतून होई.

अशा व्यवस्थेत पैसे घेऊन कोणासही खोली देणारा धंदा पेठेच्या अंतर्भागात वाढण्यास अवकाशच नव्हता. खोलीची उणीव नव्हती, ती नात्याशिवाय मिळत नव्हती एवढेच. म्हणून युरोपातील जुने नगर आणि खानदेशातील जुनी पेठ यांमधील भेद आतिथ्याच्या कमीअधिक प्रमाणाचा नाही. एका ठिकाणी आतिथ्याचा विक्रय झाला आणि ते परक्यासही खुले झाले. दुसऱ्या ठिकाणी ते घराच्या उंबरठ्याआड राहिले आणि ज्याचे नाते त्याच्यापुरतेच उरले. 'हॉटेल' हा शब्द मराठीत आला, तेव्हा त्याला प्रथम चहाफराळाच्या दुकानाचा अर्थ प्राप्त झाला, आणि राहण्याच्या जागेसाठी 'लॉजिंग-बोर्डिंग' ही वेगळी पाटी लावावी लागली, यात काही नवल नाही. परक्यास खाऊ घालणे समाजाने लवकर स्वीकारले. त्यास रात्री ठेवून घेणे उशिरा स्वीकारले.

४. छावणी व बंगला

१८१८ मध्ये पेशवाईचा शेवट होऊन खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला. पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याची निवड जिल्ह्याचे ठाणे म्हणून केली. मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या वाटेवरील मध्यवर्ती स्थान आणि पांझरेचे पाणी, ही या निवडीची कारणे सहज समजण्याजोगी आहेत. ब्रिग्जने जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली आणि बऱ्हाणपूर व इतर गावांच्या व्यापाऱ्यांना सवलती देऊन तेथे वसविले. आजही धुळ्यात पत्ता सांगताना गल्लीचा क्रमांक सांगतात. आखीव नगराची ती खूण होय. नदीकाठच्या वस्तीस पुराचे भय कसे असते, हे १८७२ च्या पुराने धुळेकरांस दाखवून दिले.

नव्या राजवटीबरोबर उतरण्याच्या जागेचा एक नवा प्रकार आला, तो म्हणजे डाक बंगला. कौलारू छप्पर, खोल पडवी, दोनतीन खोल्या, खानसामा आणि ठरलेला दर असे त्याचे रूप असे. तो गावाबाहेर, झाडीत व रस्त्याला लागून असे. कोणीही एका दिवसापेक्षा अधिक काळ जागा अडवून धरू नये आणि नवा प्रवासी आल्यास आधीच्याने खोली रिकामी करावी, असा तेथील सर्वसाधारण नियम होता. ओळखीवाचून, केवळ दर भरून राहता येणारी ही जागा होती. तथापि तिचा उपयोग व्यवहारात अधिकारी व युरोपीय प्रवासी यांनाच प्रामुख्याने होई. बाजारात आलेल्या शेतकऱ्यास ती उपयोगाची नव्हती.

धुळ्याच्या दक्षिणेस आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला आहे. त्याच्या परिसरातील लांडोर बंगल्यात १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर उतरले होते. न्यायालयातील एका कामासाठी ते धुळ्यास आले होते. त्या मुक्कामाची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलै रोजी तेथे लोक जमतात. एका रात्रीच्या मुक्कामाची जागा स्मरणस्थान का व्हावी, हे समजण्यासाठी त्यापूर्वी आठ वर्षे चाळीसगावी घडलेला प्रसंग पाहावा लागतो.

५. स्थानक, आणि जागा नाकारली जाणे

१८६० नंतरच्या काही वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खानदेशातून पुढे गेली आणि नगरांची तोंडे फिरली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते. अशा वेळी रुळावर असलेले जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. धुळे मुख्य मार्गापासून दूर राहिले; चाळीसगावहून त्यास जोडणारा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. १९०६ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा पूर्व खानदेशाचे ठाणे जळगावास गेले. पूर्वी नगरात शिरण्याची जागा वेस होती, आता ती स्थानक झाली. आणि वेशीपाशी जे युरोपात घडले होते, ते येथे स्थानकापाशी घडले. गाडी चुकलेला, ओळख नसलेला, वकिलाकडे किंवा कचेरीत काम असलेला मनुष्य पैसे देऊन राहू लागला. लॉज उभे राहिले ते येथे.

पैसे दिले म्हणजे जागा मिळते, हा नवा नियम मात्र सर्वांस सारखा लागू नव्हता. दलित व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. तिचे सदस्य या नात्याने डॉ. आंबेडकर १९२९ मध्ये खानदेशात आले होते. धुळे फाट्यावरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावास परतले. तेथील महारवाड्यातील लोकांनी त्यांस रात्री आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला होता. अंतर पायी जाण्याजोगे होते, परंतु पाहुण्यास चालत नेणे त्या लोकांस प्रशस्त वाटेना, आणि स्थानकावरील एकही टांगेवाला त्यांस नेण्यास तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. हाकण्याची सवय नसलेला मनुष्य लगाम धरून बसला. नदीच्या मोरीवर चाक अडकून टांगा कलंडला, डॉ. आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायास इजा झाली; घोडा व टांगा खाली कोसळले. मुंबई इलाख्यातील शासकीय समितीचा सदस्य आणि बॅरिस्टर असलेल्या व्यक्तीस स्थानकापासून मुक्कामापर्यंतचे अंतर सुखरूप तोडता आले नाही.

या प्रसंगात वाहन, पैसा, ओळख व यजमान हे सर्व होते. आड आली ती केवळ जात. मुक्कामाची निवड करणे हा अधिकार आहे, आणि तो कित्येकांस अलीकडेपर्यंत नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा खानदेशच्या इतिहासात सापडणे कठीण. १९५० मध्ये अंमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख करून तेथील प्रतिबंध हा गुन्हा ठरविला. १९७६ मध्ये त्याच कायद्यास नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. आडनाव विचारून खोली देण्याची किंवा नाकारण्याची रीत कोठे आढळल्यास ती या कायद्यांच्या विरुद्ध आहे, हे प्रवाशाने आणि व्यवस्थापकानेही जाणून असावे.

६. पाहावयाच्या जागेजवळ की वाहनाजवळ?

ध्येयस्थानाजवळ उतरावे की वाहनाजवळ, हा प्रश्न खानदेशात अजिंठ्याच्या निमित्ताने अधिक स्पष्ट होतो. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत; तथापि लोहमार्गाने येणाऱ्यास जळगाव हेच जवळचे मोठे स्थानक असून तेथून लेणी सुमारे ६० किलोमीटरांवर आहेत. १८४४ मध्ये लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यास नेमलेला रॉबर्ट गिल हा अजिंठा गावातील बारादरीत वर्षानुवर्षे राहिला. त्याचे काम एका दिवसाचे नव्हते. जवळ राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८७९ मध्ये त्याचा मृत्यू भुसावळ येथे झाला आणि त्याची कबरही तेथेच आहे. १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी प्रतिकृतींचे काम केले तेव्हा त्यांच्या चमूने लेण्यांच्या परिसरात तंबूंत मुक्काम केला. त्या चमूत नंदलाल बसू हे तरुण चित्रकार होते.

तेच नंदलाल बसू पुढे डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसच्या अधिवेशनासाठी आले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. प्रतिनिधींना उतरावयास तेथे हॉटेल नव्हते, सराई नव्हती, मोठे शहर जवळ नव्हते. म्हणून बांबू, तट्टे व स्थानिक साहित्य यांचे 'टिळकनगर' उभारण्यात आले आणि त्याच्या कलात्मक मांडणीचे काम नंदलाल बसूंनी केले. जागा नसेल तेथे ती निर्माण करता येते. मात्र त्यास पुष्कळ हातांची आणि एका निश्चित हेतूची आवश्यकता असते.

एका दिवसात लेणी पाहून परतणाऱ्यास जळगाव सोयीचे, कारण पहाटे व रात्री दोन्ही दिशांच्या गाड्या मिळतात. ज्यास सकाळचा शांत प्रकाश आणि दोन दिवसांचा अवधी हवा, त्यास फर्दापूरजवळ राहणे इष्ट. लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी रात्री जळगावास पोचणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात न घेतल्यास उत्तम खोलीही व्यर्थ जाते.

७. आजची निवड

वरील विवेचनावरून निवडीचे काही निकष निश्चित करता येतात. पहिला निकष कामाचा. धुळ्यास येणारा अभ्यासक बहुधा इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाने १९२७ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन मंडळात, किंवा शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमविलेल्या समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांसाठी वाग्देवता मंदिरात येतो. ही स्थळे नगरात आहेत. अशा प्रवाशाने महामार्गावरील प्रशस्त हॉटेलापेक्षा नगरातील साधी खोली पत्करावी. दुपारच्या सुट्टीत पायी परतता येणे हे पोथ्या वाचणाऱ्यास मोठे सुख असते. उलट, स्वतःच्या मोटारीने मुंबई–आग्रा किंवा सुरत–नागपूर मार्गाने पुढे जावयाचे असेल, तर महामार्ग जेथे एकमेकांस छेदतात त्या बाजूस राहणेच शहाणपणाचे.

दुसरा निकष ऋतूचा. एप्रिल व मे महिन्यांत खानदेशात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याही पलीकडे जातो. जाड मातीच्या भिंती आणि धाब्याचे छप्पर असलेली जुनी घरे या तापापासून रक्षण करीत. सिमेंटच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावरील, पश्चिमेकडे भिंत असलेली खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. यंत्र असले तरी वीज जाण्याचा संभव असतोच. म्हणून उन्हाळ्यात मधला किंवा खालचा मजला मागावा. तिसरा निकष पाण्याचा. सराईची पहिली परीक्षा विहिरीवरून होई. आजही उन्हाळ्यात येथे नळाचे पाणी रोज येतेच असे नाही, यास्तव साठवणीची सोय विचारणे गैर नव्हे. चौथा निकष आवाजाचा : बसस्थानकासमोरील खोली, बाजाराच्या दिवशीचा चौक आणि लग्नसराईतील मंगल कार्यालयाचा शेजार यांची आधी चौकशी करावी. पाचवा निकष रोच्या अनुभवातून येतो : दर्शनी कमान पाहून न भुलता खोली उघडून पाहावी, आणि मगच वहीत नाव लिहावे.

राहिला प्रश्न जुन्या पेठांचा. सागवानी खांब, कोरीव तुळया आणि चौक असलेले अनेक वाडे खानदेशात आता रिकामे आहेत किंवा वाटण्यांमुळे मोडकळीस आले आहेत. त्यांतील काहींचे प्रवासी निवासांत रूपांतर करावे, असा विचार सहज सुचतो. स्पेनमध्ये शासनाने १९२८ पासून 'पारादोर' नावाची निवासगृहे चालविली असून, त्यांपैकी पुष्कळ जुने किल्ले, मठ व वाडे यांत आहेत. वापरात असलेली वास्तू टिकते, हा त्यातील धडा घेण्याजोगा आहे.

परंतु त्याच खंडातील दुसरा धडाही दृष्टीआड करून चालणार नाही. व्हेनिसच्या जुन्या बेटांवर १९५१ मध्ये सुमारे १,७५,००० लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या ५०,००० च्या खाली आली. नोकऱ्या व स्वस्त घरे मुख्य भूमीवर गेली हे त्याचे एक कारण. आणि राहती घरे प्रवाशांच्या खोल्या बनली हे दुसरे. प्रवासी जे पाहावयास येतो ते नगराचे चालते जीवन, आणि त्याच्या खोलीसाठी तेच जीवन बाजूस सरते, असा हा पेच आहे. धुळ्याच्या किंवा जळगावच्या पेठेवर असे संकट आज नाही. येथील भय उलट आहे : वाडे प्रवाशांमुळे नव्हे, तर दुर्लक्षामुळे नाहीसे होत आहेत. म्हणूनच येथे मोजक्या वाड्यांत, त्यात राहणाऱ्या कुटुंबास न हलविता, एकदोन खोल्या अभ्यासकांसाठी व प्रवाशांसाठी खुल्या करण्याचा मार्ग अधिक हितकर ठरेल. वाड्याची डागडुजी त्यातून होईल आणि पेठेची घडीही मोडणार नाही.

असे झाल्यास खानदेशच्या पेठेत एक गोष्ट प्रथमच घडेल. जो उंबरठा आजवर नाते विचारून ओलांडू दिला जाई, तो केवळ प्रवासी म्हणून आलेल्या माणसासाठी उघडेल. ते सार्थ ठरावयाचे असेल, तर तो कोणत्याही जातीच्या व धर्माच्या माणसासाठी सारखाच उघडला पाहिजे. चाळीसगावच्या मोरीवर उलटलेल्या टांग्याचे स्मरण ठेवूनच ती दारे उघडावी लागतील. मग 'कोठे उतरलात?' या प्रश्नाचे उत्तर देताना प्रवाशास कोणाचे नाव सांगावे लागणार नाही. गल्लीचा क्रमांक सांगितला म्हणजे पुरे होईल.